नीतिमान होणं आणि नीतिमान ठरणं

मराठी बायबल पहिल्यांदाच वाचणारा माणूस एका शब्दापाशी चकतो आणि चकल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही. तो शब्द म्हणजे 'नीतिमान'. आपल्या रोजच्या बोलण्यात नीतिमान म्हणजे सचोटीचा, शब्दाला जागणारा, कुणाच्या पैशाला हात न लावणारा. हे नाव वागणुकीवरून मिळतं. आधी वागणं, मग नाव. असा अर्थ मनात धरून तो वाचक नव्या करारातल्या, येशूचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रापर्यंत येतो आणि तिथे वाचतो की देव अधर्मी माणसाला नीतिमान ठरवतो (4:5). बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं, इथे काहीतरी उलटसुलट छापलं गेलं आहे.

तसं काही नाही. ख्रिस्ती विश्वासाचा कणाच त्या वाक्यात आहे. माझ्या हिंदू मित्रांना तो समजावताना मला नेहमी त्या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते, आणि खरं सांगायचं तर चर्चमध्ये वाढलेल्यांनाही.

जुन्या करारातला मूळ हिब्रू शब्द पुष्कळदा न्यायालयाच्या वाटेने येतो. गावच्या वेशीपाशी वडीलधारे न्यायाला बसत. दोघांचा वाद त्यांच्यापुढे येई आणि ते एकाला नीतिमान ठरवत, दुसऱ्याला दोषी (अनुवाद 25:1). 'दोषी ठरवणं' म्हणजे न्यायाधीश त्या माणसाला आतून वाईट बनवत नाही, तो निकाल देतो. 'नीतिमान ठरवणं' ही त्याच निकालाची दुसरी बाजू. आता तू निर्दोष आहेस, तुझी बाजू धरली गेली, ताठ मानेने घरी जा. पौल ज्या ग्रीक भाषेत लिहीत होता तिथल्या क्रियापदालाही हाच वास आहे. म्हणून 'ठरवणं' हा मराठी भाषांतरातला शब्द फार नेमका आहे. नीतिमान होणं ही आयुष्यभराची गोष्ट असेल. नीतिमान ठरणं हा निकाल आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की तो निकाल आयुष्याच्या शेवटी, सगळे हिशेब तपासून मिळत नाही. तो विश्वास ठेवणाऱ्याला आधीच, देणगी म्हणून मिळतो.

येशूने सांगितलेली एक छोटी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे (18:9-14). दोघे जण प्रार्थनेला मंदिरात जातात. एक परूशी, एक जकातदार. परूशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ढोंगी माणूस उभा राहतो, पण त्या काळच्या ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तसा राहत नसे. परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, गावातला आदराचा माणूस. नियमशास्त्रात सक्तीचा उपास वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करतो. मिळकतीचा दहावा भाग देतो. यातलं काही तो खोटं सांगत नाही. जकातदार मात्र परक्या सत्तेसाठी वसुली करणारा, वर स्वतःसाठी काढून घेणारा. तो दूर उभा राहतो, वर बघायची त्याची हिंमत होत नाही, ऊर बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. मूळ ग्रीकमध्ये त्याच्या तोंडी दयेसाठी नेहमीचा शब्द नाही, प्रायश्चित्ताच्या अर्पणाशी नातं सांगणारं क्रियापद आहे. अर्पणं जिथे वाहिली जात त्या मंदिरात उभा राहून तो जणू म्हणतोय, ते अर्पण माझ्यासाठीही धरलं जावं.

येशू म्हणतो, तो परूशी नाही, हा माणूस नीतिमान ठरून आपल्या घरी गेला.

जकातदाराने नोकरी सोडल्याचं गोष्टीत नाही. लुबाडलेले पैसे परत केल्याचं नाही. ते पुढे होईलही. लूकच्या पुढच्याच अध्यायात जक्कय नावाचा दुसरा जकातदार चौपट परत करायला उठतो. पण इथे निकाल आधी लागला आहे. आणि परूशी हरला तो काही वाईट केलं म्हणून नाही. 'इतर माणसांसारखा मी नाही' म्हणत त्याने आपल्या चांगुलपणाचाच पुरावा देवापुढे ठेवला. ही शिकवण पापी माणसापेक्षा सज्जन माणसाला जास्त जड जाते, असं मला वर्षानुवर्षं जाणवत आलं आहे. हरलेल्याला देणगी घ्यायला वेळ लागत नाही. ज्याच्या हातात स्वतःचं काहीतरी आहे त्याला आधी ते खाली ठेवावं लागतं.

पौल स्वतः असाच हात भरलेला माणूस होता. फिलिप्पैकरांस पत्रात तो आपली सगळी पुंजी मोजून दाखवतो: आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाच्या वंशातला, बन्यामिनाच्या कुळातला, मतानं परूशी, नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाबाबत निर्दोष. मग एका वाक्यात तो हे सगळं केरकचरा ठरवतो, कारण आता त्याला स्वतःचं नाही तर देवाकडून विश्वासाने मिळणारं नीतिमत्त्व हवं आहे.

त्याचा खरा युक्तिवाद रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात आहे आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. इ.स. 57च्या सुमारास करिंथहून त्याने हे पत्र लिहिलं. रोमच्या मंडळीत यहुदी होते, बिगरयहुदीही होते. देवाच्या घरात आपण कुठल्या हक्काने, हा प्रश्न त्यांच्यात होता. पौल त्यांना यहुद्यांच्या मूळपुरुषाकडे, अब्राहामाकडे नेतो, कारण अब्राहाम सगळ्यांना मान्य. उत्पत्ती 15:6 मध्ये लिहिलं आहे की अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून मोजलं गेलं. पौल विचारतो, कधी मोजलं गेलं? सुंतेच्या आधी की नंतर?

उत्तर पानं उलटली की मिळतं. हे वचन पंधराव्या अध्यायात. सोळाव्यात इश्माएलाचा जन्म, तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा. सुंता सतराव्या अध्यायात, वय नव्याण्णव. म्हणजे सुंता झाली त्याच्या किमान तेरा वर्षं आधी त्याच्या नावावर नीतिमत्त्व लागलेलं होतं. मोशेचं नियमशास्त्र तर आणखी चारशे तीस वर्षांनी आलं, हे पौल गलतीकरांना आठवण करून देतो. ज्या विधीची आणि ज्या नियमांची तुम्ही अट घालता, त्यातलं काहीही नसताना निकाल लागला होता. तारखा लावून केलेला हा युक्तिवाद मला फार आवडतो, त्यात भावनेला हात घालायचा प्रयत्नच नाही.

'मोजलं गेलं' यासाठी पौल जो ग्रीक शब्द वापरतो, लोगिझोमाय, तो व्यापाऱ्यांच्या चोपडीत शोभणारा आहे. खात्याला जमा करणं. लगेच तो मजुरीचं उदाहरण देतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती उपकार नसते, देणं असतं. शनिवारी मुकादमाने हातावर पैसे ठेवले तर आपण त्याचे पाय धरत नाही, आपल्या घामाचे ते. पण जो काम न करता, अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर विश्वास ठेवतो, त्याच्या खात्याला तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून जमा होतो. गाठीला पुण्य बांधायचं आणि त्या गाठोड्यावर पुढचा प्रवास करायचा, या सवयीत वाढलेल्या मनाला ही चोपडी वेगळीच वाटते. जमेच्या बाजूला रक्कम आहे आणि ती भरणारा दुसराच आहे.

तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की आपण 'फुकट' नीतिमान ठरतो. तोच ग्रीक शब्द योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी आहे: 'त्यांनी विनाकारण माझा द्वेष केला' (15:25). येशूचा द्वेष करायला त्याच्यात जेवढं कारण होतं, तेवढंच कारण आपल्याला नीतिमान ठरवायला आपल्यात आहे. म्हणजे मुळीच नाही.

इथे विचारी माणूस थांबतो, आणि त्याने थांबायलाच हवं. जो न्यायाधीश दोषीला सोडतो तो चांगला न्यायाधीश कसा? बायबललाही हे मान्य आहे. दुष्टाला नीतिमान ठरवणारा परमेश्वराला अमंगळ वाटतो, असं नीतिसूत्रांत स्वच्छ लिहिलं आहे (17:15). मग देव स्वतः तेच कसं करतो?

पौलाचं उत्तर वधस्तंभापाशी आहे. एक घरगुती उदाहरण घेतो. कुणाला तुम्ही पन्नास हजार हातउसने दिले. त्याला परत करता येईनात. तुम्ही म्हणालात, 'राहू दे, सोडून दिलं.' तो मोकळा झाला. पण ते पन्नास हजार हवेत विरले का? ते तुमच्या खिशातून गेले. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला; देणाऱ्याला तिची पूर्ण किंमत पडते. पैशांचं सोडा, कुणी आपली बदनामी केली आणि आपण सूड न घेता त्याला माफ केलं, तरी ती जखम आपणच अंगावर सोसतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देवाने माणसाचं पाप क्षुल्लक म्हणून सोडून दिलं नाही. येशूच्या मरणात त्याने त्याची किंमत स्वतः सोसली. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल हे देवाणघेवाणीच्या रूपात मांडतो: ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्याकरता पाप असं केलं, यासाठी की त्याच्या ठायी आपण देवाचं नीतिमत्त्व व्हावं (5:21). जे आपलं ते त्याच्याकडे गेलं, जे त्याचं ते आपल्याकडे आलं. वधस्तंभावर नेमकं काय घडलं हे सांगताना वेगवेगळ्या मंडळ्यांचे धर्मशिक्षक वेगवेगळ्या गोष्टींवर भर देतात, पण किंमत देवाने दिली यावर सगळे एक आहेत.

हा विषय प्रोटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली त्या मार्टिन लुथरच्या गोष्टीशिवाय पुरा होत नाही. 1505 साली वादळात वीज जवळ कोसळली तेव्हा या तरुण विद्यार्थ्याने मठात जाण्याचा नवस बोलला आणि एरफुर्टच्या ऑगस्टिनी मठात तो दाखल झाला. तिथे त्याने काही बाकी ठेवलं नाही. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडणं, तासन्‌तास पापांची कबुली. त्याचा वडीलधारा योहान फॉन श्टाउपित्झ त्याला परोपरीने समजावी की ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा. तरी लुथरच्या मनाला स्वस्थता नव्हती. सगळं कबूल केलं हे कशावरून? पश्चात्ताप पुरेसा खरा होता हे कशावरून? ज्याचं तारण स्वतःच्या प्रयत्नावर टांगलेलं आहे आणि जो प्रामाणिक आहे, त्याला हे प्रश्न सुटत नाहीत. प्रामाणिकपणा कमी असता तर तो सुखात राहिला असता.

पुढे विटनबर्गला बायबल शिकवताना रोमकरांस 1:17 मधल्या एका शब्दसमूहाने त्याला छळलं: 'देवाचं नीतिमत्त्व'. 1545 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने मागे वळून लिहिलं की या शब्दांचा त्याला तिटकारा होता. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव ज्या न्यायाने पाप्याला शिक्षा करतो ते, असं तो शिकला होता. मग तेच शुभवर्तमानात प्रकट होतं म्हणजे ती सुवार्ता कसली? रात्रंदिवस तो त्या वचनाशी झटत राहिला. शेवटी पुढच्या शब्दांकडे त्याचं लक्ष गेलं: 'नीतिमान विश्वासाने जगेल', हबक्कूक संदेष्ट्याचं वचन. आणि त्याला उमगलं की देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव देतो ते नीतिमत्त्व, ज्याने तो विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. तेव्हा उघड्या दारांतून स्वर्गात शिरल्यासारखं वाटलं, असं तो लिहितो.

लुथरचे 31 ऑक्टोबर 1517चे 95 मुद्दे शाळेच्या इतिहासात असतात, क्षमापत्रांचा वादही. चर्चच्या शिकवणीप्रमाणे ती पत्रं म्हणजे पापाची क्षमा नव्हती, क्षमेनंतर उरणाऱ्या शिक्षेतली सूट होती. पण योहान टेट्झेलसारख्यांनी ती ज्या रीतीने विकली त्यात हा फरक सामान्य माणसापर्यंत पोचत नव्हता. त्या वादात मी इथे शिरत नाही. मठातल्या त्या माणसाची बेचैनी समजली की बाकीचं आपोआप समजतं.

मात्र एक गैरसमज दूर करायलाच हवा, कारण तो आपल्याकडे प्रोटेस्टंट घरांत बराच ऐकू येतो: 'कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात.' हे बरोबर नाही. माणूस आपल्याच बळावर देवाला पसंत पडू शकतो, या पेलागियसच्या मताला इ.स. 418च्या कार्थेजच्या सभेने नाकारलं होतं, आणि त्यामागे चर्चचा धर्मशिक्षक ऑगस्टीन याची लेखणी होती. लुथरला उत्तर देणाऱ्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये पहिल्याच कलमात म्हटलं की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरू शकत नाही. खरा वाद पुढचा होता. लुथरच्या बाजूने: देव निकाल देतो, ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावावर लावतो, आणि सुधारणा ही त्याच्या मागून चालत येते. ट्रेंटच्या बाजूने: नीतिमान ठरवणं यात माणूस आतून नवा होणंही येतं, आणि कृपेला साथ देत तो त्यात वाढत जातो. फरक लहान नाही, पण देणगी देवाची हे दोघांनाही मान्य. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कुठल्या गुणामुळे नाही, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. पुढे 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही तिच्यात सामील झाल्या. सगळे प्रश्न मिटले असं नाही, पण ज्या मुद्द्यावर चर्च दुभंगलं त्यावर एवढं एकत्र म्हणता आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता तो प्रश्न, जो ऐकणारा प्रत्येक जण विचारतो: मग कसंही वागलं तरी चालेल?

पौलालाही लोकांनी हेच विचारलं होतं. 'कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का?' हा प्रश्न तो रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला स्वतःच मांडतो आणि म्हणतो, कधीच नाही. पौलाची एक आवडती उपमा आहे, दत्तकाची. अनाथाश्रमातल्या मुलाला एका घराने दत्तक घेतलं. कागदावर सही झाली त्या क्षणी त्याचं आडनाव बदललं. भांडी घासून, अभ्यासात नंबर काढून त्याने ते मिळवलं नाही. त्या घरच्या सवयी, भाषा, वागणं त्याला हळूहळू लागेल, कधी तो चुकेल, रागावेल, पळून जायचंही म्हणेल. पण सवयी लागल्या म्हणून तो मुलगा झाला नाही. मुलगा झाला म्हणून सवयी लागत आहेत. भीतीने झाडलेलं अंगण आणि आपलं घर म्हणून झाडलेलं अंगण दोन्ही स्वच्छच दिसतात, पण झाडणारा माणूस वेगळा असतो. इफिसकरांस पत्रात हा क्रम अगदी उघड आहे: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं, कर्मांनी नाही, आणि पुढच्याच ओळीत, सत्कृत्यांसाठी आपण निर्माण झालो आहोत.

याकोबाच्या पत्रात मात्र लिहिलं आहे की माणूस केवळ विश्वासाने नाही, कर्मांनी नीतिमान ठरतो (2:24). तोही अब्राहामाचंच उदाहरण देतो. लुथरला हे पत्र फार रुचत नसे. पण पाहा, याकोब बोट ठेवतो ते इसहाकाच्या अर्पणाच्या प्रसंगावर, उत्पत्ती 22 वर. पौल बोट ठेवतो पंधराव्या अध्यायावर. पौल विचारतो, नातं जुळलं कसं? याकोब विचारतो, ते जिवंत आहे हे दिसलं कसं? उघड्या, भुकेल्या भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा विश्वास मेलेला आहे, असं तो म्हणतो. पौल याच्याशी वाद घालणार नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्यात सोडवला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत शास्त्रं पचवलेल्या या विदुषीने ख्रिस्ती धर्म विचारपूर्वक स्वीकारला होता. आपली साक्ष लिहिताना मात्र त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म पाळून, समजून घेऊन, त्यासाठी काम करूनही त्यांचं मन भुकेलंच होतं. जे हवं होतं ते विनाअट घ्यायचं होतं. ज्या मुक्ती मिशनसाठी आपण त्यांना ओळखतो, दुष्काळातल्या मुली-बायकांना पोटाशी धरणारं ते केडगावचं काम, ते याच्यानंतरचं. क्रम तोच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (बाप्तिस्मा 1895) हे वेगळ्या वाटेने कळलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. स्वतःला पतित म्हणवून देवाच्या दारात पडून राहणारी अभंगवाणी ज्याच्या कानात आहे, त्याला जकातदाराची प्रार्थना परकी वाटत नाही. वारकरी भक्ती आणि पौलाची शिकवण एकच आहे असा माझा दावा नाही; वधस्तंभाची किंमत आणि न्यायाचा निकाल ही पौलाची खास गोष्ट आहे. पण रिकामा हात दोन्हीकडे ओळखीचा आहे.

त्या रिकाम्या हाताबद्दल एक शेवटची गाठ सोडवायला हवी. पुष्कळ श्रद्धाळू माणसं कर्माची जागा विश्वासाला देतात आणि पुन्हा तीच मेहनत सुरू करतात: माझा विश्वास पुरेसा आहे का, पुरेसा घट्ट आहे का? म्हणजे लुथरचा मठ परत आलाच. विश्वास ही देवाला द्यायची रक्कम नाही, देणगी घेणारा तो हात आहे. हात थरथरत असला म्हणून हातात पडलेलं नाणं खोटं होत नाही. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मला मदत कर (मार्क 9:24). येशूने त्याला 'आधी विश्वास पक्का करून ये' असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

आणि सज्जन माणसाचं काय? त्याच्यासाठी येशूने उधळ्या पुत्राच्या गोष्टीत एक थोरला भाऊ ठेवला आहे. धाकटा सगळं उडवून परत येतो, बाप त्याला झगा घालतो, अंगठी घालतो, मेजवानी मांडतो. थोरला शेतावरून येतो, आतून वाद्यांचा आवाज ऐकतो आणि दारातच अडून बसतो. म्हणतो, मी इतकी वर्षं तुमची चाकरी केली, कधी आज्ञा मोडली नाही, आणि मला मित्रांबरोबर मौज करायला एक करडूही दिलं नाही. त्याने घरात राहून मजुरीची वही ठेवली होती. बाप मेजवानी सोडून बाहेर त्याच्यापाशी येतो आणि म्हणतो, बाळा, तू सदैव माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. करडू मागायची गरज कधीच नव्हती. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही.